सिस्टरकडची मंडळी

फाटकाशी कोणी जनावर घेऊन आलं, की सिस्टर आधी त्या जनावराकडे बघतच नसत. पदराला हात पुसत त्या आतून येत, फाटकाची कडी धरून उभ्या राहत आणि आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघून विचारत, "कोनाच्या घरचं?"

प्रश्न साधा होता. पण "आमच्या घरचं" असं उत्तर दिलं, तर कडी निघत नसे. सिस्टरना नाव हवं असे, आणि तेही मेलेल्या माणसाचं. आणणारा जरा घुटमळे, इकडेतिकडे बघे आणि मग खालच्या आवाजात म्हणे, "आमच्या बाबाचं जी. मांगच्या मईन्यात गेले." मग सिस्टर मान हलवत, कडी काढत आणि पहिल्यांदाच त्या जनावराकडे बघून म्हणत, "या काकाजी. बसा."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी हसलो होतो. मी सौंसरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या गोष्टींना हसणं माझ्या नोकरीतच बसतं. पुढे मात्र त्या फाटकाशी मला हसू येईनासं झालं. का, तेच सांगायला बसलो आहे. तुमच्याही गल्लीत एखादं असं घर असेल, ज्याच्यापुढून जाताना माणसं बोलता बोलता थांबतात आणि चार पावलं पुढे गेल्यावर पुन्हा बोलू लागतात. सिस्टरचं घर तसं होतं, आणि ते आमच्या बरोबर समोर होतं.

त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. मूळच्या तिगावच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून नोकरी केली, बरीच वर्षं पांढुर्ण्याला आणि शेवटी सौंसरला. गोटमारीच्या दिवशी, नदीच्या दोन काठांवरची दोन गावं एकमेकांवर दगड मारतात तेव्हा, त्यांची ड्युटी नदीकाठच्या तंबूत असायची. एकीकडे पांढुर्णा, दुसरीकडे सावरगाव, आणि दोन्हीकडून फुटून आलेली डोकी. "दोन्ही गावचे डोके माह्याच हातचे," असं त्या सांगत. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या समोरचं दोन खोल्यांचं घर घेतलं. पुढे मोठं आंगण, भोवती तारेचं कुंपण, लोखंडी फाटक. लग्न केलेलं नव्हतं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खाट आणि खाटेशेजारी एकच खुर्ची. पाहुणा आला तर तो खुर्चीवर आणि त्या खाटेवर. दोन पाहुणे आले असते तर पंचाईत झाली असती, पण तशी वेळ कधी आली नाही.

सुरुवात झाली कंडक्टरच्या बदकापासून. आमच्या गल्लीत एक रिटायर्ड कंडक्टर होता. जन्मभर त्यानं सौंसर-पांढुर्णा गाडीवर काम केलं आणि म्हातारपणी एक पांढरं, थोराड, भांडकुदळ बदक पाळलं. तो गेला. आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण, कपडे, चपला घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात. पण बदक कोणाला देणार? गाय असती तर विकली असती. बदक तेरवीनंतरही घरभर फिरत राहिलं आणि सुना घाबरू लागल्या. शेवटी मुलानं ते सिस्टरकडे नेलं. त्याचा विचार सरळ होता: बाई दवाखान्यातली, मेल्या माणसांना भीत नाही, आणि आंगण मोठं आहे. सिस्टरनी ते ठेवून घेतलं. झालं, गल्लीला वाट सापडली. पुढे तो रिवाजच पडला. कपडे धोब्याला, भांडी लेकींना आणि असलं काही जनावर मागे राहिलं तर सिस्टरकडे.

त्या बदकाची गंमत ऐका. सिस्टरच्या आंगणात कोणीही जाऊन बसलं, की ते मागच्या बाजूनं येई, माणसापुढे थांबे, मान उंच करी आणि एका डोळ्यानं रोखून बघत राही. हाकललं तरी हलत नसे. सिस्टर आतून ओरडत, "कुठं जाचं ते सांगा त्याले!" मी पहिल्या वेळी थट्टेनं म्हणालो, "नागपूर." बदकानं माझ्या गुडघ्याला कडकडून चावा घेतला. सिस्टर बाहेर आल्या आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "कंडक्टरसाहेबाची गाडी पांढुर्ण्यालेच थांबे. नागपूरची नोहे ते." मी मुकाट्यानं "पांढुर्णा" म्हटलं आणि बदक पुढे निघून गेलं.

एकदा वनखात्याचा एक माणूस चौकशीला आला. सिस्टरनी आंगणात कासव ठेवलं आहे, असं कोणीतरी कळवलं होतं. त्याला बदकानं फाटकाशीच गाठलं. सिस्टरनी त्यालाही गाव सांगायला लावलं. तो बिचारा आला होता तिथलं नाव बोलला, "छिंदवाडा." पोटरीला फडकं बांधून तो परत गेला तो पुन्हा काही आला नाही. "चुकीच्या गाडीत बसला," सिस्टर म्हणाल्या.

कासव बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्याचं. तो म्हातारा दिवसभर हनुवटी पुढे काढून रस्त्याकडे बघत बसायचा. कासवही तसंच बसे. मी मुद्दाम ते उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवलं, तर संध्याकाळपर्यंत ते पुन्हा रस्त्याकडे वळलेलं. सिस्टर त्याच्यापुढे रोज एक विड्याचं पान ठेवत, देठ खुडून. शिवणकाम करणाऱ्या एका बाईची बकरी होती. तिला सिस्टर ताई म्हणत. ती कोणाच्याही कपड्याचा सुटलेला धागा बरोबर हेरून हळूच ओढे. माझ्या पँटच्या एका पायाची सगळी शिवण तिनं एकदा उसवून दिली. आणि कापसाच्या जिनिंगवरच्या रात्रपाळीच्या चौकीदाराचा कोंबडा, म्हणजे मामाजी. पहाटे तो कधीच आरवला नाही. दिवसभर डोळे मिटून पडे आणि दिवे लागले की उठून कुंपणाच्या कडेनं चालू लागे. प्रत्येक खांबाशी थांबायचं, खांबाला चोच लावायची, पुढे जायचं.

एकेकटं सांगितलं की हे सगळं मजेचं वाटतं. पण एका संध्याकाळी मी आमच्या ओसरीवरून सहज तिकडे बघत होतो. कासव रस्त्याकडे तोंड करून. कोंबडा खांबाशी. सिस्टर खुर्ची आंगणात टाकून बसलेल्या. आणि बदक रिकाम्या आंगणात चालत होतं. दोन पावलं चाले, थांबे, मान उंच करी, जरा वेळ तसंच राही आणि पुढे जाई. तिथे कोणी नव्हतं. पण ते पुढे जात होतं, म्हणजे त्याला उत्तर मिळत होतं. मी घरात जाऊन उगाचच टीव्ही मोठ्यानं लावला.

मी एकदा त्यांना विचारलंच. "सिस्टर, तुमी तं बौद्ध. आत्मा-बित्मा मानत नाई. मंग हे काकाजी अन् मामाजी काय हाये?"

"आत्मा कोन म्हनते? मी नाई म्हनत," त्या पानाचा देठ खुडत म्हणाल्या. "सवय म्हनते मी. मानूस मरते, पन सवय एकदम नाई मरत. जवळ जे असते त्याच्या अंगात जाऊन बसते. तिले थोडे दिवस जागा द्या लागते बाप्पा. मंग जाते ते आपोआप."

"आन् नाई गेली तं?"

"तं राहू द्याची. कायले हाकलता?"

एवढं बोलून त्या आत गेल्या.

त्यांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. पलीकडच्या गल्लीतला एक जण दोरीला बांधून एक म्हातारं माकड घेऊन आला. सिस्टरनी नेहमीप्रमाणे विचारलं. तो म्हणाला, "आमच्या आजोबाचं."

"कधी गेले?"

"गेले नाई जी अजून. पन डाक्टरनं हात टेकले. म्हटलं, मंग घाईत होते, आताच आनून द्यावं."

सिस्टरनी फाटक असं काही आदळलं की कुंपणाची तार लांबपर्यंत थरथरली. "जित्त्या मानसाची सवय घेऊन आला मेल्या! घरी जा. जाऊन त्याच्या खाटेपाशी बांध त्याले!" तो पळाला. माकड खाटेपाशी बांधलं गेलं आणि आजोबा उठून बसले. ते अजून आहेत. परवाच मला बाजारात भेटले, माकडासह, आणि दोघांनीही माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

आता आमच्या घराचं सांगतो.

बाबा तलावावर चौकीदार होते. एका वादळानंतर त्यांना झाडाखाली करकोच्याचं पिल्लू सापडलं, एक पंख मोडलेला. बाबांनी ते पिशवीत घालून घरी आणलं आणि वाढवलं. वाढून ते माझ्या कमरेइतकं झालं. गल्ली त्याला बगळा म्हणे आणि बाबा चिडत. "बगळा नोहे तो. करकोचा हाये. बगळे पाहले नाई का कधी?" मोठ्या मिजासीचा पक्षी. उंबरठा ओलांडताना पाय असा उचलून टाकी की बघणाऱ्याला आपलंच घर घाण वाटावं. कांदा चिरला की पाठ फिरवून उभा राही. बाबा आंगणात बसले की त्यांच्या सावलीत बरोबर मावेल असा उभा राही आणि सावली सरकली की तोही सरके. करकोच्याला गळ्यातून आवाज नसतो. तो फक्त चोच वाजवतो.

आमचं बाहेरचं दार टिनाचं. कुत्री शिरतात म्हणून आई ते लावून ठेवी. बाबा संध्याकाळी सायकलवरून येत आणि सायकलच्या चावीनं टिनावर ठोकत: दोनदा, मग थांबून एकदा. आई आतून "आली, आली" म्हणत उठे. जन्मभर हेच चाललं होतं.

बाबा तलावावरच गेले, दुपारी, चौकीच्या पायरीवर बसल्या बसल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. कोणी तरी चहा वाटत होतं. तेवढ्यात टिनावर वाजलं. दोनदा, मग थांबून एकदा.

चहाचे कप होते तिथेच राहिले. आई उठली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, "आली, आली" म्हणाली आणि जाऊन दार उघडलं. बाहेर करकोचा उभा होता. पाय उचलून त्यानं उंबरठा ओलांडला आणि आत आला. माझी आत्या किंचाळली. आई तिथेच दाराशी खाली बसली.

मग हे रोजचं झालं. संध्याकाळ झाली की टिन वाजे. आईला पक्कं ठाऊक असे की पक्षी आहे, आणि तरी ती पदर सारखा करून उठे, दार उघडे, पक्ष्याच्या मागे रिकाम्या गल्लीत बघत राही आणि दाराशीच खाली बसे. मी टिनाला पोतं ठोकून पाहिलं. आवाज बंद झाला, तर ती त्या वेळेला आपोआप उठून गेली. पक्ष्याला मागच्या बाजूला बांधलं, तर त्यानं बादलीवर ठोकलं. आईचं जेवण तुटलं, झोप तुटली, बीपी वाढलं. मी तिच्यावर चिडलो, "आई, तुले मालूम हाये ना, बाबा नोहे ते?"

"मले मालूम हाये रे," ती म्हणाली. "माह्या हाताले मालूम नाई."

शेवटी तीच म्हणाली, "याले सिस्टरकडं नेऊन दे. नाई तं मी काई वाचत नाई."

मी करकोच्याला उचलून गल्ली ओलांडली. सिस्टर कडी धरून उभ्या होत्या. त्यांना सगळं माहीत होतं, बाबांना पांढरं कापड घातलं तेव्हा त्या तिथेच होत्या. तरी त्यांनी विचारलं. आणि माझी जीभ उचलेना. आपण वडिलांचं नाव कधी घेतो? फॉर्मवर लिहितो तेवढंच. मी त्या दिवशी फाटकाशी बाबांचं नाव मोठ्यानं घेतलं आणि मग मला रडू आवरलं नाही. स्मशानात मी रडलो नव्हतो.

"या भाऊ," सिस्टर पक्ष्याला म्हणाल्या.

सिस्टरच्या दाराला खालच्या बाजूनं पत्रा ठोकलेला होता. करकोच्यानं तो पहिल्याच संध्याकाळी शोधून काढला. आम्हाला समोर सगळं ऐकू येई. दोनदा, मग थांबून एकदा. मग सिस्टरचा आवाज, "या भाऊ. आज उशीर झाला." मग दार लागे.

दोन दिवस आईला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "तुहे बाबा आता सिस्टरकडं उतरून राहिले." मला वाटलं थट्टा करते आहे, म्हणून मी हसलो. ती हसली नाही. "अन् सिस्टर म्हनते काय, उशीर झाला! तिले काय करायचं उशिराचं? इतक्या वर्षात मी नाई म्हटलं कधी!" तांदळाचं सूप बाजूला सारून ती उठली आणि तरातरा समोर गेली. भांडण होईल म्हणून मी मागोमाग धावलो.

भांडण झालं नाही. आईनं तोंड उघडायच्या आत सिस्टरनी तिला खुर्चीवर बसवलं. "वहिनी, तुमची एकच चूक होऊन राहिली. तुम्ही दार उघडता अन् त्याच्या मांगं पाहता. मांगं कोनी नसते. म्हनून जीव जाते तुमचा. जो आला त्याले पाहा ना. पानी ठेवा, दोन शब्द बोला, दार लावा."

तेवढ्यात पत्रा वाजला. सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. आई उठली. पदर सारखा केला, दार उघडलं आणि तिची नजर पक्ष्यावरून गल्लीकडे गेली.

"खाली पाहा वहिनी," सिस्टर मागून म्हणाल्या.

आईनं मोठ्या कष्टानं मान खाली घातली. करकोचा तिच्याकडे वर बघत होता. मग आई म्हणाली, "उशीर झाला आज." आणि बाजूला सरकून तिनं त्याला वाट दिली.

त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी समोर जाऊ लागली. दार तीच उघडी. मग दोघी बसत, एक खाटेवर, एक खुर्चीवर, आणि माझ्या लग्नाचा विषय निघे. मला ठेवलेली सगळी नावं समोर आमच्या ओसरीवर ऐकू येत. पण आई जेवू लागली, झोपू लागली. तिला कोणी वाचवलं असेल तर सिस्टरनीच, हे मी आजही कोणालाही सांगेन.

मग सिस्टर आजारी पडल्या. आधी साधा खोकला होता. नंतर पायांवर सूज आली, श्वास पुरेना. नागपूरहून त्यांचा भाचा गाडी घेऊन आला. गाडीत बसताना त्यांनी घराची किल्ली आईच्या हातात दिली. "सांजच्याले दार उघडजा वहिनी," एवढंच म्हणाल्या. फाटक लागलं तेव्हा आंगणातलं एकही जनावर हललं नाही, हे मला नंतर आठवलं.

गल्लीनं आपापली माणसं वाटून घेतली. मी माणसंच म्हणतो, कारण तेव्हा सगळे तसंच बोलत. कंडक्टरचा मुलगा बदकाला बघायला येई, पानठेलेवाल्याची सून देठ खुडून पान आणी. संध्याकाळी आई मागच्या दारानं सिस्टरच्या घरात जाई, दिवा लावून खुर्चीवर बसे, पत्रा वाजला की दार उघडी. मी शाळेतून आलो की तिथेच चहा घेऊन जात असे.

दिवस जाऊ लागले आणि नागपूरची खबर काही चांगली येईना. भाच्यानं एकदा फोनवर सांगितलं, "मावशी आता काही परत येत नाही वाटते. ती जनावरं कुठंतरी देऊन टाका, घराचं पाहता येईल." आईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "जित्त्या मानसाचं घर रिकामं करत नसते, बाबू," ती म्हणाली. "तिचा श्वास चालू हाये तोपर्यंत इथलं पानसुदा हलनार नाई." आई इतक्या करारी आवाजात बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. रोज सकाळी उठल्यावर तिचा पहिला प्रश्न एकच असे, "फोन आला का?" फोन नाही आला म्हणजे बरं.

याच सुमाराला आंगणात काहीतरी बदलू लागलं. पहिल्यांदा ते कंडक्टरच्या मुलाच्या लक्षात आलं. तो आला आणि सवयीनं "पांढुर्णा" म्हणाला. बदक त्याच्यापुढे थांबलंच नाही. तो "पांढुर्णा, पांढुर्णा" करत त्याच्या मागे फिरला, बदक ढुंकून बघेना. मग बकरी. माझ्या शर्टाला धागा लोंबत होता. मी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. तिनं तो हुंगला आणि सोडून दिला. कोंबडा एका पहाटे आरवला. जन्मात पहिल्यांदा. गल्लीतली माणसं दचकून बाहेर आली आणि एकमेकांकडे बघून परत गेली. कासवाचं मात्र मीच पाहिलं. ते रस्त्याकडे पाठ करून बसलं होतं, तोंड सिस्टरच्या बंद दाराकडे.

मी आईला सांगितलं. म्हणालो, खाणंपिणं बदललं, हात बदलले, जनावरं बिथरतात. ती ऐकत राहिली.

"बिथरले नाई ते," ती म्हणाली. "जागा करून राहिले."

"कोनासाठी?"

उठून तिनं दिव्याची काच पुसली, जी आधीच स्वच्छ होती.

करकोचा मात्र ठोकत होता. रोज, दोनदा आणि थांबून एकदा. आई त्याच्यावर आस धरून होती. ठोकतो आहे तोवर सगळं ठीक, असं तिनं मनाशी ठरवलं असावं.

त्या संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा आई खुर्चीवर बसली होती. दिवा लागलेला. बाहेर संत्र्याच्या पेट्या लादलेला एक ट्रक गेला, मग शांत झालं. नेहमीची वेळ आली. पत्रा वाजला नाही. चहा निवला. मी काहीतरी बोलणार होतो, तिनं हातानंच थांबवलं. आणखी थोडा वेळ गेला. मग ती उठली, पदर सारखा केला आणि कोणी न ठोकताच दार उघडलं.

करकोचा पायरीवर उभा होता. दाराच्या अगदी जवळ, चोच मिटलेली. त्याच्यामागे बदक, बकरी, कोंबडा, सगळी येऊन थांबली होती. कोणी आवाज करत नव्हतं.

"फोन लाव," आई म्हणाली.

मी भाच्याला फोन लावला. त्यानं लगेच उचलला. "आत्ता... आत्ताच," तो म्हणाला. "तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "आईला वाटलं," आणि फोन ठेवला.

वळून बघितलं तर आई खाटेवर बसली होती, सिस्टरच्या जागी. ती मोठ्यानं रडत नव्हती, नुसते डोळे वाहत होते. एक हात मांडीवर उताणा पडलेला. करकोचा आत आला होता. तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला, मान वाकवली आणि तिचं मनगट चोचीत धरलं.

मी पुढे झालो. आईनं दुसऱ्या हातानं मला थांबवलं. पक्षी जराही हलत नव्हता. त्यानं मनगट दाबलं नव्हतं, नुसतं धरलं होतं, आणि मान थोडी कलती करून तो जणू दूरचं काही ऐकत होता. मग त्यानं मनगट सोडलं, हलकेच, मांडीवर होतं तसं परत ठेवलं.

"नाडी पाहून राहिला," आई म्हणाली.

मला कळेना. नाडी सिस्टर दवाखान्यात बघत असतील. या घरात कोणाची बघणार? इथे जनावरं होती, आणि संध्याकाळी आई येई, पण तिची नाडी त्यांनी एकदाही पाहिलेली नव्हती. मी तसं म्हणालो.

आईनं डोळे पुसले. खाटेवर सिस्टर बसत त्या जागी चादर दबून खळगा झाला होता, त्यावरून तिनं हात फिरवला.

"सोताचीच पाहत असंन," ती म्हणाली. "आपन घरी गेल्यावर दुसरं कोन होतं इथं?"

करकोचा वळला, पाय उचलून टाकत माझ्याकडे आला आणि समोर थांबला. मी शर्टाची बाही वर सारली आणि हात पुढे केला. त्याची चोच गार होती.